सिरोंच्याचा महाकाय प्राणी सिरोंच्यातही दिसावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायनासोर म्हटले की आपल्या मुलांना अमेरिकेतले डिप्लोडोकस आणि टी-रेक्स आठवतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्ली गावाजवळ सापडलेल्या बारापासॉरसचे नाव मात्र, तीस वर्षे भूगोल शिकवूनही, मला निवृत्तीनंतरच कळले.

लांब मानेचा, सुमारे १४ मीटर लांबीचा हा शाकाहारी प्राणी ज्युरासिक कालखंडाच्या पूर्वार्धातला, म्हणजे साधारण १८ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने १९६०-६१च्या सुमारास त्याची हाडे खणून काढली. त्यातले मांडीचे हाडच सुमारे १.७ मीटर भरले, म्हणून बंगालीतील ‘बोडो पा’, म्हणजे मोठा पाय, यावरून त्याचे नाव पडले (आपल्याकडे ते ऐकून कोणी बारा पाय मोजू लागेल, ही गोष्ट वेगळी). उत्खननाच्या काळातले १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष असल्याने १९७५ साली जैन, कुट्टी, रॉयचौधुरी आणि चॅटर्जी या शास्त्रज्ञांनी या प्रजातीला ‘टागोरी’ हे नाव दिले.

किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे एकाच ठिकाणी, दगड झालेल्या मोठ्या वृक्षखोडांसह पसरलेली होती. त्यावरून हा कळपच पुरात सापडला असावा, असे अनुमान पुढे मांडले गेले. कवटी काही मिळाली नाही, फक्त दात मिळाले. तरीही इतक्या जुन्या सॉरोपॉडची (लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनासोरची) एवढी हाडे एकत्र मिळणे जगात दुर्मीळच आहे.

हा सांगाडा आज कोलकात्यात त्याच संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. ज्यांनी तो खणला, जुळवला आणि जपला, त्यांच्याकडून मूळ हाडे मागावीत असे माझे म्हणणे नाही; अशी ठिसूळ हाडे हलवण्यात धोकाच अधिक. परंतु साच्यावरून केलेली पूर्णाकृती प्रतिकृती, निदान त्या मांडीच्या हाडाची तरी, सिरोंचाजवळच्या वडधम येथील जीवाश्म उद्यानात उभारता येईल. राज्य शासनाने त्यासाठी संस्थेशी बोलणी करावीत आणि शेजारचा फलक मराठीबरोबर तेलुगू व गोंडीतही लावावा, कारण तिथली बहुसंख्य मुले घरी याच भाषा बोलतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर