हरारेहून मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू राजीनामा लिहून ठेवलायस हे आईकडून कळलं. मला सांगायला का बिचकलीस, कोण जाणे. दगडकामाला माझी ना नाही. माझी हरकत फक्त तारखेला आहे, आणि तीही इथल्या, झिम्बाब्वेच्या, शिल्पकारांच्या जोरावर.

आज शोना शिल्पकलेचे (शोना म्हणजे इथला सगळ्यात मोठा समाज) जनक म्हणतात ते जोरम मारिगा शेतीखात्यात नोकरीला होते. 1950च्या दशकाच्या अखेरीस न्यांगाच्या डोंगराळ भागात रस्त्याचं काम चालू असताना त्यांना मऊ, हिरवट-करडा दगड सापडला आणि ते त्यातून वस्तू कोरू लागले. पुढे कठीण दगडाकडे वळले, भाच्याला, जॉन ताकाविराला, हाताशी घेऊन शिकवलं. निकोलस मुकोम्बेरान्वा तर पोलीस! सेरिमा मिशनमध्ये लाकूड कोरायला शिकले होते, पण सॉल्सबरीत, म्हणजे आताच्या हरारेत, आले ते खाकी चढवायला. ड्युटी सांभाळून दगड घडवायचे. शेवटी त्यांनीही नोकरी सोडलीच की, असं तू सुनावशील. सोडली, पण दशकभराहून जास्त काळाने आणि नाव झाल्यावर. त्यांची मुलंही दगडातच रमली.

तेंगेनेंगे या शिल्पकारांच्या गावाची कथा उलटी आहे. तिथे लोकांनी नोकरी सोडली नाही, नोकरीच त्यांना सोडून गेली. 1965मध्ये इथल्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, निर्बंध आले आणि तंबाखूचा बाजार बसला. टॉम ब्लोमफिल्ड या तंबाखूवाल्याच्या शेतावर सर्पेंटाइन या कोरायला चांगल्या दगडाचा साठा निघाला, तेव्हा 1966मध्ये त्याने मजुरांनाच दगड घडवायला बसवलं. बर्नार्ड मातेमेरा आधी ट्रॅक्टर चालवायचा. हेन्री मुन्यारादझी शाळेची पायरी न चढलेला, तंबाखूची प्रतवारी करणारा. त्या मजुरांत मलावी, अंगोला, मोझांबिकचे कितीतरी होते. तरी सगळ्यांवर शिक्का एकच, 'शोना'!

आता तुला रस वाटेल ते. मी ज्याच्याकडे शनिवारी जाऊन बसतो, तो झाडाखालीच काम करतो. आधी टोकदार हातोडा नि छिन्नीने ढलप्या काढतो, मग कानस, मग पाणी ओतत ओतत जाड्यापासून बारीकपर्यंत पॉलिशपेपर. हे पॉलिशपेपरचं काम दिवसेंदिवस चालतं आणि बघायला महाकंटाळवाणं. एवढं घासूनही दगड करडाच दिसतो, त्याचा खरा रंग ओळखू येत नाही. मग तो भोवती जाळ करून तापवायचा आणि गरम असतानाच मेण फासायचं. मेण आत मुरतं आणि बघता बघता करड्याचा काळाभोर होतो. थंड झाल्यावर फडक्याने घासला की चकाकी. जाळ एका बाजूला जास्त झाला तर दगड तडकतो आणि सगळी मेहनत वाया. म्हणून तेवढा वेळ तो माझ्याशी बोलतसुद्धा नाही.

कॉलीन मादामोम्बे या इथल्या शिल्पकर्तीची कामं नीट बघ. ती वापरायची त्या स्प्रिंगस्टोनला, म्हणजे इथल्या कठीण काळ्या दगडाला, बाहेरून तांबूस, खरबरीत साल असते. तिच्या धष्टपुष्ट बायकांचे चेहरे नि हात काळे चकचकीत, आणि घेरदार झगे त्या सालीतच ठेवलेले. तुझ्या मूर्तींवर तू सगळीकडे सारखाच हात फिरवतेस, हे मला आधीपासून खटकतं.

पैशाचं बोलायलाच हवं. 2000 नंतरच्या राजकीय धामधुमीत पर्यटक आटले. 2009मध्ये तर इथे शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं, आणि तिचीही किंमत राहिली नाही. अशा वेळी परदेशी गिऱ्हाईक नसलेल्यांचे हाल झाले. रस्त्याकडेला एकसारख्या मूर्तींच्या रांगा दिसतात, त्या हौसेने थोड्याच बनतात? परवा खपली तीच पुन्हा. नोकरी अशा वेळी तुला 'नाही' म्हणायची मुभा देते, एवढाच माझा मुद्दा.

तर राजीनामा सध्या पाठवू नकोस. शेडचं भाडं, दगडाचा भाव, टेम्पोचं भाडं, वर्षभराचा खर्च असं सगळं मांडून मला पाठव. आकडे बसत असतील तर वाद संपला, मी पहिलं भाडं भरतो. आणि घासताना मास्क लावत जा, ती धूळ छातीत बसते.

तुझा,
बाबा