पंप चालू केला की नाहीसा होणारा थेंब

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला परत जाऊन तीन आठवडे झाले. विमानतळावर निघायच्या गडबडीत नीट बोलणं झालंच नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पुण्या-मुंबईहून येताना बॅगेत स्टीलची फिटिंग घेऊन येणारा मी एकटा नसणार.

इथे डेन्व्हरमध्ये घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते. तरी तुम्ही माळकरी, त्यामुळे तुम्हाला गॅरेजमध्ये बोलवायला मला फार संकोच वाटत होता. माझ्या शेजारी राहणाऱ्या तुमच्या लेकीनेच माझ्या पंपाचं रडगाणं तुमच्या कानावर घातलं. तुम्ही चपला अडकवून आलात आणि एवढंच म्हणालात, "पंप दाखव बघू."

चार वेळा तेच झालं होतं. बार्लीचा गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर उकळून थंड करायच्या प्लेटकडे पाठवायचा, की पंप घरघरायचा आणि ओढणं सोडून द्यायचा. मी आधी पंपाला दोष दिला, मग डेन्व्हरच्या उंचीला. १६०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उकळीजवळचं पाणी ओढताना वाट जरा अरुंद असली तरी नळीतच वाफ धरते. हे खरंच आहे, तुम्हीही मान्य केलंत. पण तुम्ही स्टूल ओढून पंपाशेजारी बसलात आणि पंधरा मिनिटं नुसते पाहत राहिलात. पंप बंद असताना बॉल व्हॉल्वच्या सांध्याखाली एक थेंब लोंबत होता. पंप चालू केला की तो नाहीसा व्हायचा. "थेंब आत जातोय," तुम्ही म्हणालात, "म्हणजे हवापण आत जातीया."

मग तुम्ही सांधा उघडून घेतलात आणि दोन्हीकडच्या आट्यांवरून नख फिरवलंत. तो क्षण मी विसरणार नाही. व्हॉल्व मी पुण्याहून आणलेला, बीएसपी आट्यांचा, म्हणजे आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापाचा. पंप अमेरिकन, एनपीटी आट्यांचा, म्हणजे इथल्या मापाचा. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचात १४ च आटे, म्हणून पहिले दोन-तीन वेढे सुखाने बसतात आणि आपल्याला वाटतं जमलं. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, त्यांचा ६० चा. शिवाय त्यांचा आटा निमुळता, आणि बाहेरून २१.३ मिलिमीटर, आपला २०.९६. तो मध्येच अडकतो, पान्याला घट्ट लागतो आणि तरीही फट राहते. मी त्या फटीवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवत होतो. आणखी जोर लावला असता तर पंपाच्या प्लास्टिकच्या तोंडाचे आटेच गेले असते.

नवे व्हॉल्व आणि कॅमलॉक, म्हणजे दोन कान दाबले की झटकन लागणारे नळीचे जोड, एनपीटीचे घेतले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना नळीत घुसणारं 'सी' प्रकारचं कॅमलॉक लावलं, म्हणजे कुठलीही नळी कुठेही बसते. पंपाचा आटा बाहेरचा म्हणून तिथे आतल्या आट्याचं 'ए', पातेल्याच्या व्हॉल्वचा आटा आतला म्हणून तिथे बाहेरच्या आट्याचं 'एफ'. आतली काळी वायसर काढून सिलिकॉनची टाकली. नळी आवळायची, आतून खाचा असलेली ज्युबिली क्लिप मऊ सिलिकॉनच्या नळीला चावते, हे तुम्ही नळी उलटी करून दाखवलंत, म्हणून तिथे आता आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप आहे. व्हॉल्व पंपाच्या पुढच्या बाजूलाच आवळायचा, ओढणाऱ्या बाजूची वाट पूर्ण मोकळी ठेवायची, हेही त्याच दुपारचं.

पण काका, सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत. उभं आयुष्य दूध संघाच्या डेअरीत पाइप जोडण्यात गेलं, आणि त्या नजरेने तुम्ही माझ्या पातेल्यांकडे पाहिलंत. "उकळायच्या आधी आट्यात काय बसलंय त्याची फिकीर नको, उकळी मारते. थंड झाल्यावर मात्र हे दूधच समज." त्या एका वाक्याने माझी मांडणी दोन भागांत पडली. प्लेटच्या अलीकडे कॅमलॉक, पलीकडे ट्राय-क्लॅम्प, म्हणजे दोन सपाट कडांमध्ये रबरी चकती (गॅस्केट) घालून बाहेरून कड्याने आवळायचा जोड, जिथे आटाच नाही आणि जंतूंना दडायला जागा नाही. माझ्या दोन बॅचेस आंबट का झाल्या होत्या ते तेव्हा कळलं. मी उगाच यीस्टला बोल लावत होतो.

तिथेही तुमचं बोट थांबलं. एक इंची आणि दीड इंची ट्राय-क्लॅम्पची कड बाहेरून सारखीच, ५०.५ मिलिमीटर, म्हणून क्लॅम्प दोन्हीवर बसतो. मी एक इंची पाइपाला दीड इंची गॅस्केट लावलं होतं. आत गोल खोबण राहत होती. तुम्ही करंगळी घालून ती शोधलीत, आणि बोटाला लागलेला चिकटा मला दाखवलात. रागावला नाहीत. स्वच्छतेबद्दल मला जे कुणी शिकवलं, त्यात ही करंगळी सगळ्यात वर आहे.

शेवटच्या रविवारी पंप पहिल्यांदा न घरघरता चालला. यीस्ट टाकायच्या आधीचा तो गोड काढा तुम्ही वाटीत घेऊन चाखलात आणि म्हणालात, "काकवीचा भाऊ." तुमच्या व्रताच्या बाहेरचं काम होतं हे, तरी तुम्ही ते परकं मानलं नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

लेक दिवाळीला येणार आहे. तिच्या बॅगेत माझे ते चार बीएसपी व्हॉल्व आणि दोन निपल (दोन्ही टोकांना आटे असलेले छोटे तुकडे) ठेवलेत. तुमच्या मागच्या अंगणातल्या नळाला ते बरोबर बसतील.

तुमचा,
शेजारच्या गॅरेजमधला