अकरावं पान तुझं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आई, तुझ्या बोटांना काळं काय लागलंय?" तेवढ्यात आजीने हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. शाई आहे ती. दोनदा साबण लावला तरी जात नाही, आणि सध्या मला त्याचाच आनंद आहे. घाईघाईत फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी घरचं. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. वॉकर सुटला, आता काठी आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, असं त्यांना शिकवलंय. ते प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणतात आणि खालून मीही म्हणते. व्यायामाचा कंटाळा करत नाहीत. रात्री मात्र पाय ठणकतो, मग उठून बसतात. तुझ्याशी बोलताना हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. काळजी करू नकोस, पण फोन केलास की त्यांना झोपेबद्दल जरूर विचार.

ताई नव्या नोकरीत रुळतेय. शनिवारी ती लेकीला, चिऊला, आमच्याकडे सोडते. चिऊचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स' म्हणताना वारा जातो.

आजीचं तुला ठाऊक आहेच. सकाळी ती स्वच्छ असते, सगळ्यांना ओळखते. दिवस मावळायला लागला की गोंधळते. तुझं नाव रोज घेते. कधी विचारते, "शाळेतून आला का?" मी "येईल हं" म्हणते. डॉक्टरांनी सुचवलं, ओळखीचे फोटो मोठ्या अक्षरातल्या नावांसह हाताशी ठेवा, शांत वाटेल. तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिला अल्बम मी आठ दिवसांत केला होता. जाड कागद, प्रत्येक पानावर एक माणूस, खाली नाव, भोवती पानाफुलांच्या ठशांची निळी किनार. फार देखणा झाला होता. आजीची सवय आठवते ना? बोट जिभेला लावून पान उलटायचं. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या फोटोखालचं नाव फिसकटलं. तिने आपलं निळं झालेलं बोट पाहिलं, मग कागद पाहिला आणि मला म्हणाली, "मी खराब केलं का गं?" मी नाही नाही म्हणेपर्यंत तिने हात मागे घेतला होता. त्यानंतर ती त्या अल्बमला हातच लावेना. समोर उघडून ठेवला तरी लांबूनच बघायची.

चूक तिची नव्हती. ज्याला सारखा हात लागणार ती वस्तू मी पाण्याने जाणाऱ्या शाईने केली होती. टेबलावर ओला स्पंज ठेवून पाहिला, पण तिला तो आठवत नाही, आणि एवढ्या वर्षांची सवय तिने या वयात का मोडायची? कागदानेच तिच्यापुढे टिकायला हवं. मग मी पक्क्या शायांच्या मागे लागले.

इंक पॅड वरून सगळे सारखेच दिसतात. डाय इंकमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो. तो कागदाच्या धाग्यांत शिरतो, चटकन वाळतो, रंगही गोड दिसतो, पण ओलं बोट लागलं की बहुतेक वेळा पुन्हा सुटतो. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या वरच्या थरात बसतात, वाळायला वेळ घेतात, आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर नीट वाळतच नाहीत. तेलाचा अंश असलेल्या पिगमेंट शाया, जशी व्हर्साफाइन नावाची, शोषणाऱ्या कागदावर वाळल्या की पाण्याला दाद देत नाहीत आणि केसासारखी रेघही स्वच्छ उमटवतात. तिसरी सॉल्व्हंट शाई, स्टेझऑन नावाच्या शाईसारखी. तिच्यात पाण्याऐवजी चटकन उडून जाणारा द्रव असतो. ती काच, धातू, प्लॅस्टिकवरही बसते. म्हणूनच तिच्या पॅडला आत आणखी एक झाकण असतं, नाहीतर लगेच सुकते. तिला वास असतो, खिडकी उघडून काम करावं लागतं. आजी बोट जिभेला लावते, म्हणून तिच्या पानांवर मी ती वापरलीच नाही. फक्त मुखपृष्ठाच्या पारदर्शक शीटवर एक फांदी उमटवलीय. आतल्या पानांवर काळी पिगमेंट शाई, तीही कडेची तीन सेंटिमीटर जागा कोरी सोडून. बोट लागतं तिथे शाई नाही.

एक गोष्ट मला आधी कळलीच नव्हती. पाण्याने न जाणं वेगळं आणि उजेडात न विटणं वेगळं. पॅडवर नुसतं 'पर्मनंट' लिहिलेलं असलं तर त्यातलं नेमकं काय, हे आपणच बघायचं. मी एका पट्टीवर घरातल्या नऊही शाया ओळीने उमटवल्या, एक दिवस वाळवल्या, मग अर्ध्या भागावर ओला ब्रश फिरवला. दुसरी तशीच पट्टी तुझ्या खोलीतल्या खिडकीच्या काचेला लावली, अर्धी काळ्या कागदाने झाकून. दोन महिन्यांनी कागद काढला. जांभळा झाकलेल्या बाजूला जांभळा आणि उघड्या बाजूला राखाडी! पाण्यात तो मुळीच हलला नव्हता, बरं का. काळ्या पिगमेंटला मात्र फरक नाही. त्यातला काळा बहुधा कार्बनच असतो, म्हणजे काजळी, आणि काजळीवर उजेडाचा परिणाम होत नाही. जुन्या हस्तलिखितांतली अक्षरं आजही काळीभोर दिसतात ती याचमुळे. ती पट्टी मी जपून ठेवलीय, आलास की दाखवेन.

आता वहीचं सांगते. या वेळी अल्बम नाही, घडीची वही केलीय, पंख्यासारखी मागेपुढे दुमडलेली. शिवण नाही, पान सुटायचा प्रश्न नाही, आणि सगळी एकदम उघडून टेबलावर उभी करता येते. आजीला सगळी माणसं एका रांगेत दिसतात. कागद जलरंगाचा, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) म्हणजे चांगला जाड, पूर्ण सुती. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो. 56 बाय 76 सेंटिमीटरच्या तावातून 14 सेंटिमीटर उंचीच्या दोन लांब पट्ट्या कापल्या. प्रत्येकीत दहा-दहा सेंटिमीटरची सात पानं आणि जोडायला एक सेंटिमीटरची जीभ. चौदा पानांतली पहिलं आणि शेवटचं पुठ्ठ्याला चिकटली, उरली बारा.

कागदाला धाग्यांची दिशा असते हे बाबांनी दाखवलं. ताव न मोडता हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने वाकताना कमी विरोध करतो, घडी त्याच बाजूने, म्हणजे धाग्यांना समांतर, हवी. उलटी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो आणि पांढरे तंतू दिसतात. घडीच्या जागी आधी बोन फोल्डरने, म्हणजे घडी घालायच्या बोथट चपट्या पट्टीने, मोजपट्टीच्या कडेने खाच ओढायची, मगच दुमडायचं. बाबा खुर्चीत पाय लांब करून खाचा ओढतात. त्यांची एकही वाकडी गेली नाही. माझ्या दोन गेल्या.

आणि अक्षरं! मनासारखे मराठी अक्षरांचे ठसे मिळेनात, म्हणून बाबांनी खोडरबरांवर कोरले. ठसा उलटा कोरायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या लिपीत त्याची गंमत वेगळीच. पहिली वेलांटी उलटी केली की दुसरीसारखी दिसते. 'काकी' कोरताना नेमकं तेच झालं, छापलं तर 'काकि'. बाबा बराच वेळ त्या रबराकडे बघत राहिले. मग त्यांनीच युक्ती काढली. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षर लिहायचं, तो कागद रबरावर पालथा घालून नखाने घासायचा. पेन्सिल रबरावर उतरते, आपोआप उलटी होऊन. मात्रा, वेलांट्या, उकार त्यांनी सुटे कोरले, म्हणजे कुठल्याही अक्षराला लावता येतात. शिरोरेषा मात्र अक्षरांना ठेवलीच नाही. सगळं नाव छापून झालं की पुठ्ठ्याची सरळ धार शाईवर टेकवायची आणि वरून एकच रेघ मारायची. नाव कसं एकसंध दिसतं! ती रेघ मारायला मला फार आवडतं. माणूस पुरा झाल्यासारखा वाटतो.

कपाट आवरताना आजोबांचा लाकडी मुठीचा सहीचा ठसा सापडला. रबर कडक होऊन तडकलं होतं. बाबा म्हणाले, कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. 1839 साली चार्ल्स गुडइयरला ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची रीत सापडली, आणि रबरी शिक्के त्यानंतरच आले. पण तेही हवेने, उजेडाने वर्षानुवर्षांत असं होतंच. मी बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरवला, शाई लावली, चार-पाच वेळा रद्दीवर उमटवला. सहावा ठसा वाचता आला. एका अक्षरातून तडा गेलाय, तो तसाच उमटला आणि मी तसाच ठेवला. आजोबांच्या पानावर नाव कोरलेलं नाही, त्यांची सही आहे.

चिऊलाही हातभार लावायचा होता. तिला मी एका कार्डावर सॉल्व्हंट शाईने फुलं उमटवून दिली आणि तिने ती अल्कोहोल मार्करने रंगवली. सगळ्या काळ्या रेघा रंगात वाहून गेल्या. पाण्यात पक्की असलेली शाई अल्कोहोलमध्ये पक्की असेलच असं नाही, हे मला ठाऊक असूनही घाईत विसरले. पोरीचा चेहरा एवढासा झाला. नशीब, ते कार्ड वहीतलं नव्हतं. मग तिला पिगमेंटचे ठसे आणि जलरंग दिले. तिने आजोबांच्या पानावरची वेल हिरवी केली, आणि रेघ जागची हलली नाही. "आजी, हे पुसलंच जात नाही!" असं मला ओरडून सांगत ती घरभर नाचली.

फोटो मी मूळचे लावलेले नाहीत, प्रती लावल्यात. मूळचे पाकिटात सुरक्षित आहेत. हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या यंत्राने, शाई लवकर वाळते, पण कागद वाकतो आणि फोटो जवळ असेल तर तोही. त्यामुळे मी प्रत्येक पान दोन दिवस नुसतं उघडं ठेवलं. तुझं टेबल त्यासाठीच अडवलंय, रागावू नकोस.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी, तिच्या गोंधळायच्या वेळेला, वही तिच्यापुढे ठेवली. आधी नुसतीच बघत होती. मग सवयीने बोट जिभेला लावलं, पान उलटलं, आणि थांबली. बोट डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं. स्वच्छ होतं. अंगठ्यावर घासून पुन्हा पाहिलं. मग तिने काय करावं? तेच ओलं बोट मुद्दाम आजोबांच्या सहीवरून फिरवलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सही तशीच. "हं," म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं. त्या संध्याकाळी तिने वही चार वेळा पाहिली. नावं सगळी आठवली असं नाही. तुझ्या काकांना ती बाबा समजली, चिऊला ताई समजली. पण हात मागे घेतला नाही.

आता तुझं काम. अकरावं पान कोरं आहे, ते तुझं. मला तुझं नाव छापायचं नाही, तुझ्या हाताचं अक्षर हवंय. याच तावाचा 9 बाय 13 सेंटिमीटरचा तुकडा पाकिटात ठेवलाय, आणि बरोबर एक काळा पिगमेंट लायनर, म्हणजे पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन. बॉलपेन नको, जेलपेनही नको. आधी पेन्सिलीने अगदी हलक्या ओळी आख, अक्षर मोठं काढ, निदान एक सेंटिमीटर उंच. काय लिहायचं ते तू ठरव. फार लांब नको, तिला वाचता यावं. लिहून झालं की पूर्ण एक दिवस वाळू दे, मगच पेन्सिल खोड, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठव म्हणजे दुमडणार नाही. जागा चुकली असं वाटलं तर मागची बाजूही कोरीच आहे.

आजी रोज त्या कोऱ्या पानाशी थांबते आणि विचारते, "हा कोण?" मी सांगते, "येतोय."

जेवणाची वेळ पाळ, रात्री फार जागू नकोस.

तुझी
आई