‘दुखापत’ नव्हे, वर्णभेद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विस्मृतीत गेलेल्या इंग्रज फुटबॉलपटूंवरील कालच्या पुरवणीतील लेखात जॅक लेस्ली यांच्या वाट्याला अवघ्या दोन ओळी आल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘दुखापतीमुळे त्यांची इंग्लंडकडून खेळण्याची संधी हुकली’ हे त्यांतील विधान धादांत चुकीचे आहे. लेस्ली यांच्या डोळ्याला दुखापत झाली ती कारकिर्दीच्या अखेरीस. इंग्लंडच्या संघातून त्यांचे नाव गळले 1925 मध्ये, आणि तेव्हा ते ठणठणीत होते.

लेस्ली यांचे वडील जमैकाचे कृष्णवर्णीय, आई इंग्रज, जन्म पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउनचा. प्लायमथ अर्गाइल या क्लबकडून सुमारे 400 सामने खेळून त्यांनी 137 गोल केले. इंग्लंडच्या संघात निवड झाल्याची बातमी खुद्द क्लबचे व्यवस्थापक बॉब जॅक यांनी त्यांना कचेरीत बोलावून दिली होती. थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रात संघ छापून आला, तेव्हा त्यात लेस्ली यांच्या जागी अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे बिली वॉकर होते. आयर्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात इंग्लंडला एकही गोल करता आला नाही आणि त्याच दिवशी लेस्ली यांनी आपल्या क्लबसाठी दोन गोल केले. ही जखमी खेळाडूची कामगिरी म्हणायची का? निवड समितीची माणसे पुन्हा पाहायला आली ती आपला खेळ नव्हे, तर चेहरा, असे लेस्ली यांनी उतारवयात स्वतःच सांगितले आहे.

मला हा ‘दुखापत’ शब्द इतका का झोंबला, हेही सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर फुटबॉल संघाची टंकलिखित यादी लागली होती आणि तिच्यात नववे नाव माझे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच यादीवर नवा कागद डकवलेला होता, त्याच्या कोपऱ्यांवरची खळ अजून ओली होती आणि नवव्या क्रमांकावर दुसऱ्याचे नाव होते. माझे आडनाव आड आले, हे मला त्याच आठवड्यात कळले. गल्लीत मात्र माझा पाय मुरगळल्याचे पसरवण्यात आले आणि आजही जुने सोबती भेटले की ‘तेव्हा पाय दगा देऊन गेला बघ’ असेच हळहळतात. नाव खोडणारे त्यामुळे नामानिराळे राहतात आणि दोष आपल्याच शरीराच्या माथी बसतो.

लेस्ली पुढे वेस्ट हॅम या लंडनमधील क्लबच्या बूट ठेवण्याच्या खोलीत काम करू लागले. इंग्लंडच्या विश्वविजेत्या संघातील बॉबी मूर आणि जेफ हर्स्ट यांचे चिखलाने भरलेले बूट ते घासूनपुसून ठेवत. विव्ह अँडरसन यांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू इंग्लंडच्या वरिष्ठ संघातून खेळला तो 1978 मध्ये. लेस्ली तेव्हा हयात होते. 1988 मध्ये ते वारले. प्लायमथ अर्गाइलच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला 2022 मध्ये, आणि इंग्लंडकडून खेळणाऱ्याला मिळणारी मानाची टोपी त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती पडली 2023 मध्ये. ज्या संघटनेने त्यांना डावलले, तिनेच ती दिली. असे असताना आपल्या पुरवणीने जुनी सबब पुन्हा छापावी, याचे मला अतिशय वाईट वाटले.

त्याच पानावरील छायाचित्राखाली प्लायमथऐवजी ‘पोर्टस्मथ’ छापले आहे. ही दोन वेगळी शहरे असून त्यांचे क्लबही वेगळे आहेत. दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी त्याच पानावर, लेखाइतक्याच ठळक टाइपात छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर