गोल्डफिश तगले, पण तळ्याचे काय?

संपादक महोदय,

तळ्यात सोडून दिलेले गोल्डफिश थंडीतूनही वाचल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीचा सूर कौतुकाचा होता. मला मात्र ती वाचून ओशाळल्यासारखे झाले, कारण गेल्या वर्षी हाच उद्योग मीही करून बसलो आहे.

काचेच्या भांड्यात दोन मासे होते. वाढता वाढता त्यांना वळायलाही जागा उरेना, तेव्हा एका संध्याकाळी पिशवी तळ्यात रिकामी केली. एक लगेच शेवाळात घुसला, दुसरा बराच वेळ काठाशी घुटमळत राहिला. मुलीला सांगितले, मोकळे केले त्यांना. मनात म्हटले, थंडीत काही टिकायचे नाहीत. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कशा पटल्या, देव जाणे!

हा मासा थंडीला दाद देत नाही. पाणी गार पडले की खाणे सोडून तळाशी निपचित राहतो. वर बर्फ धरला तरी पुरेशा खोल तळ्यात तळाचे पाणी 4 अंशांच्या आसपास राहते, तेवढे त्याला पुरते. बर्फाखाली प्राणवायू संपत आला की इतर मासे गुदमरतात. गोल्डफिश मात्र अंगात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. म्हणजे कडक हिवाळ्याने त्याचे प्रतिस्पर्धी कमी होतात आणि त्याला तळे आयतेच मोकळे मिळते.

पुढचे काम तो स्वतः करतो. खाणे शोधताना गाळ उकरतो, पाणी गढूळ होते, पाणवनस्पतींना ऊन मिळेनासे होते. बेडकांची अंडीही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. मादी हजारांनी अंडी घालते. पिल्ले सुरुवातीला मळकट रंगाची असतात, त्यामुळे ती वाढेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील व्हॅस नदीत जवळपास 2 किलोचे गोल्डफिश सापडले आहेत. अमेरिकेत मिनेसोटातील बर्न्सव्हिल शहरावर तर 2021 मध्ये 'पाळलेले मासे तळ्यात सोडू नका' असे नागरिकांना विनवण्याची वेळ आली. तिथला हिवाळा काही सौम्य नसतो.

म्हणून सुचवावेसे वाटते, की बातमीतले मासे नारिंगी आहेत, मोजता येताहेत, तोवरच तळ्याची देखभाल करणाऱ्यांनी ते जाळ्याने काढून घ्यावेत. पाणी तापून वीण सुरू झाली की ते कोणाच्या आवाक्यात राहणार नाहीत. आणि ज्यांना मासे नकोसे झाले असतील त्यांनी ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत, विकत घेतले तिथे परत करावेत, पण पिशवी घेऊन तळ्यावर जाऊ नये.

मी परवानगी काढून दोन रविवार जाळे टाकले. एक सापडला. दुसरा आता तळहाताहून मोठा झाला आहे आणि काठावर जाळे दिसले की कमळाच्या पानांखाली जातो.

आपला,
एक वाचक