रंकाळ्यावर बसणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचा विषय काढता, म्हणून लिहूनच सांगते.

जूनमध्ये शाळेतून फोन आला, "मुलगा बाईंची टिंगल करतोय, घेऊन जा." जाऊन बघते तर पोरगा वर्गाबाहेर, तोंडाला माझी ओढणी गुंडाळून उभा. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "गृहपाठ झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." झाला नव्हता, म्हणून त्यानं तोंड झाकलं. स्वमग्न मुलं पुष्कळदा शब्दाला धरून चालतात, हे ठाऊक असूनही त्या दिवशी मीही त्याच्यावर ओरडले.

संध्याकाळी तुम्ही त्याला विचारलंत, "आत्ता कुठं बसलायस?"

"कट्ट्यावर."

"मग मघाशी फोनवर बाबाला 'रंकाळ्यावर हाय' म्हणालास ते? रंकाळा म्हणजे पाणी की रं. बुडला न्हाईस?"

दिवसभरात तो तेव्हा पहिल्यांदा हसला. मग दहा वर्षांच्या पोराला तुम्ही थेट संस्कृत काव्यशास्त्रातला मम्मट सांगितलात! 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती कशी, यावर काश्मीरच्या त्या पंडितानं हजारेक वर्षांपूर्वी डोकं चालवलं होतं. म्हणजे आमच्या पोराचा प्रश्न खुळ्याचा नव्हता. हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

सरळ अर्थ अडला की जवळचा घ्यायचा, गंगेवर म्हणजे गंगेच्या काठावर, ही लक्षणा. तिच्या तीन पायऱ्या त्यानं वहीत लिहून घेतल्यात. सरळ अर्थ अडतो का? अडला तर जवळचा कुठला? आणि असं बोलायची रूढी आहे, की मुद्दाम काही सुचवायचंय? 'पोटात कावळे' पहिल्याच पायरीवर अडले. 'नाद खुळा'पाशी मात्र तुम्हीही हात टेकलेत, "ही रूढी, पाठ कर" म्हणालात. कोल्हापुरात राहायचं तर ते पाठ हवंच म्हणा.

खरी पंचाईत सरळ अर्थ अडत नाही तिथं. 'हात वर केले' वर्गातही होतं आणि व्यवहारातही. तिथं कोण, कुणाला, कशावरून बोलतंय ते बघायचं, असं तुम्ही सांगितलंत. त्यावर त्यानं आठवडा घालवला.

परवा गवंड्यानं काम अर्धं टाकलं. मी ह्यांना फोनवर म्हटलं, "त्यानं हात वर केले." पोरगा वहीतून मान वर काढून म्हणाला, "आई, खरे, की पैशाचे?"

उद्या भडंग घेऊन येते. चहा तुमचा.

तुमच्या कट्ट्यावरच्या विद्यार्थ्याची आई