विषय: व्ह्यूवर इंडेक्स कसा बनवायचा ते आता तुम्हीच दाखवा

सपोर्ट मॅनेजर,

आत्ताच तुमच्या माणसाशी चाळीस मिनिटं बोलून फोन ठेवलाय. तिकीट परत 'सॉल्व्हड' म्हणून बंद. तिसऱ्यांदा.

गेल्या अपग्रेडमध्ये तुम्ही आमच्या आयबीएम आय (एएस/४००) वरची पेंडिंग ऑर्डरची सिलेक्ट-ओमिटवाली (ठराविक रेकॉर्डच निवडणारी) कीड लॉजिकल, म्हणजे की-फील्डने शोधता येणारी फाईल, उडवलीत आणि त्याच नावाचा एसक्यूएल व्ह्यू (नुसती साठवलेली क्वेरी) ठेवलात, म्हणे मॉडर्नायझेशन. पण त्या नावावर आमचे अकरा आरपीजी प्रोग्राम सेटएलएल आणि चेन करतात, म्हणजे कीवरून रेकॉर्ड शोधतात, आणि व्ह्यूला की नसते, स्वतःचा ॲक्सेस पाथच नसतो, त्यामुळे सगळे फाईल ओपन करतानाच आडवे होतायत. हे मी तुम्हाला सांगायचं?

मी त्याला हेच सांगितलं, व्ह्यूला की नाही. तर म्हणतो, "मग व्ह्यूवर एक इंडेक्स बनवा ना सर." म्हटलं, अरे इंडेक्स टेबलवर बनतो, व्ह्यूवर नाही. मग दहा मिनिटं म्युझिक. परत येऊन म्हणे, "लेव्हल चेक नो करून बघा." आता लेव्हल चेकचा एररच नाहीये, तो रेकॉर्डचा फॉरमॅट बदलल्यावर येतो, इथे फॉरमॅट तोच आहे, गेलीय ती की! तर शांतपणे, "सर, तुमची सिस्टीमच जुनी आहे." जुनी? तुमचं पॅकेज याच सिस्टीमवर चालतं म्हणून विकता ना? मी सौम्य लिहायचं ठरवलं होतं, जाऊ दे.

उपाय पण मीच सांगतो. आयबीएम आय ६.१ पासून इंडेक्समध्ये व्हेअर (निवडीची अट) टाकता येतो. फिजिकलवर, म्हणजे मूळ टेबलवर, तसा इंडेक्स बनवा, एसक्यूएलमध्ये त्यावर सिलेक्ट मारता येत नाही पण आरपीजी त्याला कीड लॉजिकलसारखंच उघडतं, आणि व्ह्यू वेगळ्या नावाने रिपोर्टसाठी ठेवा. टेस्ट लायब्ररीत करून बघितलं, चाललं. पण प्रॉडक्शनमध्ये तुमच्या लायब्ररीला हात लावला तर करारानुसार सपोर्ट बंद, आणि जुन्या लॉजिकलचा डीडीएस सोर्स (फाईलची व्याख्या) तुम्ही देत नाही. म्हणजे आम्ही करायचं नाही, तुम्ही करणार नाही, आणि तिकीट तेवढं बंद. तिसऱ्यांदा!

बारा वर्षं तुमचं पॅकेज वापरतोय, दुसऱ्यांना पण घ्यायला लावलंय, आता लाज वाटते. शुक्रवारपर्यंत एकतर सोर्स द्या नाहीतर इंडेक्स बनवून द्या. मेंटेनन्स रिन्यूअलचा कागद माझ्या टेबलावर आहे, मी अजून सही केलेली नाही. आणि पुढचा फोन व्ह्यू आणि इंडेक्समधला फरक माहीत असलेल्या माणसाचा येऊ दे.